साठीनंतरची अम्मी: तिचे निर्णय तिच्याच हातात राहू द्या

"अम्मी कशा आहेत?" असे कुणी विचारले की आपल्या बहुतेक घरांतून ठरलेले उत्तर येते. "ठीक आहेत, अल्हम्दुलिल्लाह. नमाज, तसबीह आणि नातवंडं. या वयात अजून काय हवं?" उत्तर देणारा मुलगा किंवा सून मनाने वाईट नसते. औषधे वेळेवर येतात, ईदला नवे कपडे शिवले जातात. पण हे उत्तर अनेकदा अम्मी त्याच खोलीत बसलेल्या असताना दिले जाते. प्रश्न त्यांच्याविषयी असतो आणि बोलतो दुसराच कुणीतरी.

मराठीत एक म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. आपण ती हसत हसत वापरतो. पण घरात ती खरी मानून चालतो. साठी ओलांडली की अम्मीचे बँक पासबुक मुलाच्या कपाटात जाते, मोबाईल नातवाच्या हातात जातो, आणि डॉक्टरसुद्धा त्यांच्याकडे न बघता सोबत आलेल्या मुलाला विचारतात, "काय त्रास होतो यांना?" हळूहळू अम्मीही म्हणू लागतात, "तुम्हीच बघा बाबा, मला काय कळतं."

आम्हाला या लेखात एवढेच मांडायचे आहे की, साठीनंतर बाईला आराम हवा, खिदमत हवी, हे खरेच. पण खिदमत म्हणजे तिच्या जागी आपण निर्णय घेणे नव्हे. शरीर, इबादत, पैसा, कागदपत्रे आणि सोबत या गोष्टी जोवर तिच्या हातात आहेत, तोवर तिचे आयुष्य तिचे आहे. त्या हातातून गेल्या की कितीही चांगल्या घरात ती पाहुणी होते.

आपल्याच इतिहासात पाहा

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वफातीनंतर हजरत आयेशा (र.) चाळीसहून अधिक वर्षे हयात होत्या. वैधव्याचा हा सगळा काळ त्यांनी दीन शिकवण्यात घालवला. मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे मसले विचारायला येत. त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचल्या आहेत.

हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (र.) यांचे वय शेवटी शंभरच्या घरात होते आणि दृष्टी गेली होती, असे इतिहासकार सांगतात. हिजरी ७३ मध्ये मक्केला हज्जाजच्या फौजेचा वेढा होता, तेव्हा त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (र.) सल्ला घ्यायला आईकडेच आले. "अम्मीला आता काय कळणार" असे ते म्हणाले नाहीत.

इतके मागे जायचे नसेल तर आपल्याच देशातले उदाहरण घ्या. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांचा जन्म १८५८ चा. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्या झाल्या. वय होते ६२. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे पद त्यांच्याकडे होते. त्या राज्यकर्त्या होत्या, आपल्या अम्मी गृहिणी आहेत, हा फरक आहेच. पण साठीनंतर डोके चालत नाही, ही समजूत मात्र या उदाहरणांपुढे टिकत नाही.

शरीर: "वयाचंच आहे" म्हणून सोडू नका

पाळी बंद झाल्यावर बाईची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. मग साध्या पडण्याने मनगट मोडते, खुब्याचे हाड मोडते. खुब्याचे हाड मोडले की अनेक बायांचे चालणे-फिरणेच थांबते. म्हणून पडू न देणे हा पहिला इलाज आहे. आपल्या घरांत बाई पडते कुठे? वजू करताना ओल्या मोरीत, आणि फजरसाठी अंधारात उठताना. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी, खाली रबरी चटई, वजूसाठी उंच स्टूल आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढी सोय फार थोड्या खर्चात होते. रमजानपूर्वी घराला रंग काढतो, त्याच वेळी हेही करून टाकावे.

हाडांसाठी दूध, दही, नाचणी, तीळ हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणातल्या घरांत काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी असते, तीही चांगली. मात्र ज्या बाया दिवसभर घरातच असतात आणि बाहेर पडताना बुरख्यात असतात, त्यांच्या अंगाला ऊन फारसे लागत नाही. त्यामुळे 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकते. गच्चीवर किंवा अंगणात सकाळी थोडा वेळ हातापायांवर ऊन घ्यावे आणि डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी.

आता ज्या गोष्टी बाया मुलालाच काय, मुलीलाही सांगत नाहीत, त्या. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही न दवडता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. दरवेळी ते गंभीरच असते असे नाही. पण कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेत कळले तर इलाज होतो. स्तनात गाठ लागली तरी हेच.

दुसरा त्रास खोकताना, हसताना लघवी गळण्याचा. या एका कारणाने कितीतरी बाया शादीला जाणे सोडतात, प्रवास सोडतात, "आता घरीच बरं वाटतं" म्हणतात. घरच्यांना वाटते, अम्मीचा स्वभाव बदलला. खरे तर हा बरा होऊ शकणारा आजार आहे. ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, औषधेही असतात. नापाकीच्या भीतीने काहीजणी नमाजसाठीही घाबरतात. हा त्रास सतत असेल तर फिकहमध्ये 'माजूर'साठी सवलत आहे, प्रत्येक नमाजच्या वक्तासाठी नवा वजू करून नमाज पढता येते. आपल्या इमाम साहेबांना विचारा. स्वतः विचारायची शरम वाटत असेल तर एखाद्या आलिमाकडून विचारून घ्या.

मोतीबिंदू आणि ऐकू कमी येणे याकडेही दुर्लक्ष नको. ज्या बाईला नीट ऐकू येत नाही, ती गप्पांतून उठून आपल्या खोलीत जाऊन बसते. लोक म्हणतात, अम्मी चिडचिड्या झाल्या.

इबादत: सवलत घेणे म्हणजे कमी पडणे नव्हे

गुडघे दुखत असताना उभ्यानेच नमाज पढायची जिद्द अनेक अम्मी धरतात. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करा, ही तालीम स्वतः प्रेषित (स.) यांनी दिलेली आहे. खुर्चीवर नमाज पढणाऱ्या बाईच्या ईमानात काही उणे येत नाही.

रोजांचेही तसेच. मधुमेह असलेल्या बाईने रमजानच्या पाच-सहा आठवडे आधीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा सहेरी-इफ्तारप्रमाणे बदलाव्या लागतात. त्या मनाने बदलू नयेत. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे, म्हणून तपासणी टाळू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली तर "मगरिबला अर्धाच तास उरलाय" म्हणून थांबू नये. नंतर कजा करता येते. पुढे कधीच रोजा ठेवण्याची ताकद येणार नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदिया, हा मार्ग खुद्द दीनने दिला आहे. जीव धोक्यात घालणे ही इबादत नाही.

पैसा: मेहेर, वारसा आणि उधारी

जनाजा अजून घरात असतो. रडून रडून थकलेल्या बाईजवळ नात्यातल्या कुणीतरी वाकून सांगते, "भाभी, मेहेर माफ कर दो, भाई की रूह को सुकून मिलेगा." ती मान हलवते. अशा प्रसंगी तिला दुसरे काही सुचणे शक्यच नसते. आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिलेले आहे.

मसला असा आहे की, न दिलेला मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. मृत्यूनंतर कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत आणि त्यानंतर वारसांची वाटणी, असा क्रम आहे. म्हणजे मेहेर वाटणीच्या आधी द्यायचा. बाईने खुशीने, समजून-उमजून माफ केला तर तिचा हक्क. पण जनाज्याजवळ मागितलेली माफी ही खुशी म्हणता येईल का, याचा विचार आपणच करावा.

मेहेरनंतर वारसा. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुले नसतील तर चौथा हिस्सा मिळतो. आईच्या आधी मुलगा वारला आणि त्याला मुले असतील, तर आईला त्याच्या मालमत्तेत सहावा हिस्सा असतो. हे हिस्से कुराणने ठरवलेले आहेत, कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाहीत. तरीही आपल्याकडे वाटणी "नंतर बघू"वर जाते आणि अम्मींसमोर एक दिवस हक्कसोडपत्र येते. "फक्त सही करायची आहे, सोसायटीत नाव लावायला लागतं." सही करण्याआधी तो कागद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मुलांवर विश्वास असला तरी वाचून घ्या. विश्वास आणि वाचन यांचे भांडण नाही.

उधारीचेही तसेच आहे. व्याज नको म्हणून अम्मी पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकत नाहीत. बांगड्या मोडून आलेली रक्कम मग मुलाच्या किंवा भावाच्या धंद्यात जाते. तोंडी. चार वर्षांनी विचारले की घरात कुरबूर होते. कुराणची सर्वात लांब आयत, सूरह बकरामधली, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण ती आयत पढतो, पण आईकडून घेतलेले पैसे लिहीत नाही. किती रुपये, कधी दिले, कधी परत, की भागीदारी, हे एका वहीत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तर नाते तुटत नाही, उलट टिकते.

घर कुणाच्या नावावर?

"अम्मी, घर माझ्या नावावर करून टाक, नंतर कोर्टकचेरी नको." या वाक्याने अनेक बायांची झोप उडवली आहे. हिबा म्हणजे जिवंतपणी दिलेली भेट. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला की हिबा पूर्ण होतो. मग तो परत घेणे फार कठीण असते. म्हणून डोक्यावरचे एकुलते एक छप्पर घाईने देऊ नये. मुला-मुलींत बरोबरी राखावी, ही प्रेषितांची (स.) ताकीदही लक्षात ठेवावी. मुलींना न सांगता सगळे एका मुलाला देऊन टाकले की बहीण-भावांची दारे कायमची बंद होतात.

द्यायचेच असेल तर देशाचा एक कायदा माहीत असू द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा, २००७. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. घर देताना "मला शेवटपर्यंत सांभाळावे" अशी अट दस्तात लिहिली असेल आणि मुलाने ती पाळली नाही, तर कलम २३ प्रमाणे न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. म्हणून अट तोंडी नको, दस्तातच हवी. मुले खर्चाला देत नसतील तर याच कायद्याने निर्वाहभत्ता मागता येतो. कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. ज्यांना मुले नाहीत, त्या आपल्या मालमत्तेच्या वारस होणाऱ्या नातेवाइकांकडे मागू शकतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्याला प्रांत ऑफिस म्हणतो तिथे, स्वतः करता येतो. कुणी मुलांविरुद्ध ऊठसूट अर्ज करावेत, असे आम्ही म्हणत नाही. पण दार आहे हे माहीत असले तरी बाईला आधार वाटतो. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे.

इद्दतीबद्दलही एक गोष्ट. चार महिने दहा दिवसांच्या त्या काळात पेन्शन, बँक, विमा यांची कामे अडतात आणि "तुम्ही बाहेर पडू शकत नाही, आम्ही बघतो" म्हणत कागद दुसऱ्यांच्या हाती जातात. खऱ्या गरजेसाठी विधवेला दिवसा बाहेर पडण्याची मुभा फिकहमध्ये आहे. मुफ्ती साहेबांना विचारून घ्या आणि आपले कागद आपल्या पिशवीत ठेवा.

बाहेर पडा: सोबत, शिक्षण, प्रवास

घरातले काम संपत नाही म्हणून बाई घरात अडकते. नातवंडे सांभाळणे हा आनंद आहे. पण सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी नसलेले, न विचारता दिलेले काम झाले की ते ओझे होते. "अम्मी, उद्या तुम्हाला जमेल का?" एवढा प्रश्न विचारला तरी फरक पडतो. आणि "नाही, उद्या मला इज्तेमाला जायचंय" असे उत्तर आले तर राग धरू नये.

अनेक अम्मींनी लहानपणी नाजरा कुराण पढले, पण अर्थ कधी वाचला नाही. मराठीत तर्जुमे उपलब्ध आहेत. मोहल्ल्यात चार-पाच जणींनी दुपारी जमून रोज थोडा वाचला, तर वर्षभरात किती पाने होतील याचा हिशेब त्यांनीच करावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना नात शिकवू शकते. सही करता येणे ही साठीनंतर शिकलेली गोष्ट असली तरी तिची किंमत कमी होत नाही. मोबाईलही शिकावा, पण एक नियम पाठ करून: ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आणि "मी पोलीस बोलतोय, तुम्हाला अटक होईल" असा व्हिडिओ कॉल आला तर फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवायचे.

प्रवासाची सोयही आहे. एसटीत मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. रत्नागिरीची खाला आणि सोलापूरची बहीण यांना आता फक्त मय्यतीलाच भेटायचे, असे काही नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय आहे. त्याचे कार्ड आजार येण्याआधी काढून ठेवावे. ६५ वर्षांवरील गरजू बायांसाठी श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

हजचे स्वप्न बऱ्याच जणी मुलाला सवड मिळेपर्यंत लांबवतात. २०१८ पासून भारतातून ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय गटाने हजला जाता येते. याबाबत उलेमांत मतभेद आहेत, म्हणून आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून ठरवावे. जाणार कधीही असाल, चालणे आजपासून सुरू करा. सफा-मरवाचे सात फेरेच सुमारे ३ किलोमीटर होतात. हे फेरे एका आईच्या धावपळीची आठवण आहेत. हजरत हाजरा (अ.) बाळासाठी पाणी शोधत धावल्या आणि आजही बादशहापासून मजुरापर्यंत प्रत्येक हाजी त्यांच्याच वाटेने चालतो.

एक विषय आपल्याकडे दबक्या आवाजातही निघत नाही: पुन्हा निकाह. शरीअतने निकाहला वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. साठीच्या पुरुषाने दुसरा निकाह केला तर लोक म्हणतात, "बिचाऱ्याला करून घालायला कुणी नव्हतं." त्याच वयाच्या विधवेने नाव काढले तरी मुलांची मान खाली जाते. अनेकदा त्यामागे शरम कमी आणि वाटणीची भीती जास्त असते. प्रत्येकीला निकाह हवा असेल असे नाही. पण हवा की नको, हे तिने ठरवायचे आहे.

घरच्यांसाठी

म्हातारपणी आई-वडिलांना "उफ्"सुद्धा म्हणू नका, हा सूरह बनी इस्राईलमधला हुकूम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. उफ् न म्हणणे ही सुरुवात आहे. पुढची पायरी म्हणजे त्यांचे म्हणणे ऐकणे.

येत्या जुम्याला जेवणानंतर टीव्ही बंद करून अम्मींजवळ बसा. डॉक्टरांकडे गेल्यावर बोलू द्या त्यांनाच. पासबुक आणि कागदपत्रांची पिशवी त्यांच्या कपाटात परत ठेवा. त्यांचा मेहेर दिला गेला होता का, अब्बांच्या मागे त्यांचा हिस्सा त्यांच्या नावावर आला का, हे विचारा आणि उत्तर "नाही" असेल तर ते काम या वर्षी पूर्ण करा. मग विचारा, "अम्मी, तुम्हाला स्वतःसाठी काय करायचंय?"

पहिल्यांदा त्या हसतील. "मला काय करायचंय आता," म्हणतील. हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नसतो, म्हणून उत्तर सापडायला वेळ लागतो. पुढच्या जुम्याला पुन्हा विचारा.